पुरुषांचा फास्टपिच सॉफ्टबॉल: कुणाच्याच वहीत नसलेला खेळ

रायझर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन एका ओळखीच्या घरी गेलो होतो. पोरगा एकोणीस वर्षांचा, सॉफ्टबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेला. घरातल्या काकांनी कौतुकानं विचारलं, "काय खेळतोस रे बाळा?" हा म्हणाला, "सॉफ्टबॉल." काका म्हणाले, "अरे वा! पण तो मुलींचा ना?" पोरगा गप्प बसला. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी बेसबॉल म्हणून सांगू का?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. काकांचा दोष नाही. टीव्हीवर दर काही वर्षांनी ऑलिंपिकमध्ये जो सॉफ्टबॉल दिसतो, तो मुलींचाच असतो. पण माझ्या भाच्याला स्वतःच्या खेळाचं नाव लपवावंसं वाटलं, हे मला फार लागलं. म्हणून हा धागा.

थोडं माझ्याबद्दल. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. आठवीत असताना पीटीच्या सरांनी मला मैदानाच्या भिंतीसमोर उभं केलं, भिंतीवर खडूनं चौकोन काढला आणि म्हणाले, "हात खालून, पूर्ण गोल फिरव, आणि चेंडू मांडीपाशी सोड." विंडमिल म्हणजे काय ते मला अशी कळली. रोज शंभर-दीडशे चेंडू. हात खाली येताना कोपराच्या पुढचा भाग मांडीला घासतो, मग मनगट सुटतं. महिनाभरात तिथं काळानिळा डाग पडला. आईला वाटलं सरांनी मारलं. तो डाग पुढं सात-आठ वर्षं गेलाच नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फास्टपिच म्हणजे जोरात चेंडू टाकायचा सॉफ्टबॉल. 'सॉफ्ट' हा शब्द फसवा आहे. चेंडूचा घेर बारा इंच, वजन १८० ग्रॅमच्या आसपास, आणि लागला की हाड मोडू शकतं. १८८७ मध्ये शिकागोत एका क्लबच्या हॉलमध्ये, बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन हा खेळ सुरू झाला, तेव्हा तो खरोखर मऊ असावा. नाव तेवढं चिकटून राहिलं. आता सात इनिंग, साठ फुटांवर बेस, म्हणजे धावताना गाठायचे थांबे, आणि पुरुषांच्या खेळात पिचर उभा राहतो होम प्लेटपासून, म्हणजे बॅट्समनच्या जागेपासून, ४६ फुटांवर. महिलांच्या खेळात हे अंतर ४३ फूट आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. पुरुषांचा सॉफ्टबॉल मागं पडला तो खेळ कमी प्रतीचा म्हणून नाही. तो हिशोबात कुठं बसत नाही म्हणून मागं पडला. ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल आला १९९६ ला अटलांटात, फक्त महिलांचा. पुढं सिडनी, अथेन्स, बीजिंग, मग टोकियो आणि आता २०२८ चं लॉस एंजेलिस, सगळीकडे फक्त महिलांचा. पुरुषांचा बेसबॉल आहे ना, मग झाली जोडी. २०१३ मध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटना एक झाल्या, तेव्हापासून ही जोडी आणखी पक्की झाली. पुरुष म्हणजे बेसबॉल, महिला म्हणजे सॉफ्टबॉल. मग जो मुलगा सॉफ्टबॉल खेळतो तो कुठल्या रकान्यात? आशियाई स्पर्धांतही १९९० पासून सॉफ्टबॉल आहे, तोही महिलांचाच.

म्हणजे आपल्याकडचा मुलगा कितीही चांगला खेळला तरी त्याच्यासमोर ना ऑलिंपिक आहे, ना आशियाई स्पर्धा. आणि आपल्या देशात पैसा, शिबिरं, नोकऱ्या, बातम्या हे सगळं या दोन दारांतूनच येतं.

तुमच्यापैकी कुणी खेळलंय का? कुणाची मुलं खेळतात का? काय करता येईल असं वाटतं?

पाचवा_स्लिप

धागा आवडला. प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. मी क्रिकेटवाला. खालून टाकलेला चेंडू बघितला की मला लहानपणीचं गल्लीतलं सरपटी आठवतं. मुलांनी मग सरळ बेसबॉल का खेळू नये? तो ऑलिंपिकमध्ये आहे, अमेरिकेत आणि जपानमध्ये पैसा आहे.

रायझर

राग कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही क्रिकेटवाले, तर क्रिकेटच्याच भाषेत सांगतो.

ताशी १४० किलोमीटरचा चेंडू म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटर. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर. म्हणजे बॅट्समनच्या हाती ०.४५ सेकंद, आणि टप्पा पडल्यावर वेग उतरतो, त्यामुळं थोडा जास्तच वेळ. आता पुरुषांच्या फास्टपिचमधले वरच्या दर्जाचे पिचर ताशी १३० च्या पुढं टाकतात. म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. अंतर ४६ फूट, म्हणजे १४ मीटर. पण पिचर रबरवरून, म्हणजे पायाखालच्या पट्टीवरून, पुढं झेप घेऊन चेंडू सोडतो, त्यामुळं उरतात जेमतेम १२ मीटर. भागाकार करा. सेकंदाचा एक तृतीयांश. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची.

आणि चेंडू सरळ येत नाही. ड्रॉप गुडघ्यापाशी खाली बसतो. चेंज-अपला हात तितक्याच जोरात फिरतो, पण चेंडू मागं राहतो. आणि रायझर, ज्यावरून मी इथलं नाव घेतलंय, तो सोडताना मनगट दाराची गोल मूठ फिरवावी तसं फिरवायचं, म्हणजे चेंडू उलटा फिरत जातो. क्रिकेटमध्ये नि बेसबॉलमध्ये चेंडू वरून खाली येतो. इथं तो मांडीच्या उंचीवरून सुटून छातीकडं चढत येतो. नव्या बॅट्समनची बॅट हमखास खालून जाते. बेसबॉलचे मोठमोठे लोकसुद्धा यात फसलेत. एडी फाइग्नर नावाचा एक अमेरिकन पिचर होता. १९४६ पासून तो फक्त चौघांचा संघ घेऊन गावोगाव फिरायचा आणि समोर पूर्ण नऊ जणांचा संघ असायचा. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर एका प्रदर्शनी सामन्यात त्यानं विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे, हार्मन किलब्रू यांच्यासकट सहा जणांना ओळीनं स्ट्राइक-आउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं. बेसबॉलमधली ही त्या काळची सगळ्यात मोठी नावं.

बेसबॉल का नाही याचं उत्तर सोपं आहे. बेसबॉलला मोठं मैदान लागतं. आमच्या शाळेच्या मैदानात साठ फुटांचा डायमंड, म्हणजे बेसचा चौकोन, कसाबसा बसायचा, उजव्या बाजूला विहीर. सॉफ्टबॉल मावतो. म्हणूनच तो जिल्ह्याजिल्ह्यांत रुजला.

पाचवा_स्लिप

एक तृतीयांश सेकंद! भागाकार खरंच करून बघितला. सरपटीचा उल्लेख मागं घेतो.

थर्ड_बेस_ताई

मी विद्यापीठाकडून खेळलेय, आता मुलींना शिकवते. धागाकर्त्यांचं म्हणणं पटलं, फक्त एक गोष्ट सांगते. 'मुलींचा खेळ' हे वाक्य आम्हालाही टोचतं. त्यात दोन्ही बाजूंनी कमीपणा आहे. मुलगा खेळला तर त्याला हसायचं, आणि मुलगी खेळली तर "सोपं असेल म्हणून मुलींना दिलंय" असं समजायचं. २००४ मध्ये जेनी फिंचनं अल्बर्ट पुहोल्सला एका प्रदर्शनी सामन्यात स्ट्राइक-आउट केलं होतं. तो तेव्हा बेसबॉलमधल्या सगळ्यात भारी बॅट्समनपैकी एक होता.

दुसरं असं की या जोडीमुळं जशी सॉफ्टबॉल खेळणारी मुलं बाहेर राहिली, तशाच बेसबॉल खेळणाऱ्या मुलीही बाहेर राहिल्या. महिला बेसबॉलचा विश्वचषक २००४ पासून होतो, पण ऑलिंपिकमध्ये त्यांना जागा नाही. माझी एक मैत्रीण बेसबॉल खेळते. तिला विचारतात, "म्हणजे सॉफ्टबॉल का?" तुमच्या भाच्याचं अगदी उलट. दोघंही एकाच फटीतून पडलेत.

आम्हाला मिळालेलं काढून मुलांना द्या असं इथं कुणी म्हणत नाहीये, हे बरं वाटलं. नाहीतर अशा चर्चा तिकडंच घसरतात.

रायझर

ताई, अगदी बरोबर. मुलींना मिळालेली जागा त्यांनी घाम गाळून मिळवलीय. अमेरिकेत तर १९७२ चा कायदा आला, मुलींच्या खेळाला कॉलेजांनी बरोबरीची संधी द्यावी म्हणून. त्यावर तिथला महिलांचा कॉलेज सॉफ्टबॉल उभा राहिला. मुलांना कॉलेजात बेसबॉल होता, फास्टपिच कधीच नव्हता. एकेकाळी तिथं कारखान्यांचे, गावांचे पुरुषांचे फास्टपिच संघ असायचे. पण पिचरपुढं बॅट लागेना, तशी हौशी मंडळी सगळी स्लो-पिचकडं वळली. चेंडू हळूच उंच सोडायचा आणि सगळ्यांनी मारायचा. फास्टपिच शिकवणारं कुणी उरलं नाही.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. माइक व्हाइट हा न्यूझीलंडचा पिचर, नंतर अमेरिकेकडूनही पुरुषांचा फास्टपिच खेळला. आज तो ओळखला जातो तो टेक्सास विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून. २०२५ ला त्याच्या संघानं अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद जिंकलं. पुरुषांच्या खेळात त्यानं जे कमावलं ते मुलींच्या खेळाला उपयोगी पडलं. पण त्याला हे जिथं शिकायला मिळालं, तो खेळ जगवायला कुणी नाही.

फक्की_आणि_फिता

मी चंद्रपूर भागातल्या शाळेत क्रीडा शिक्षक आहे, सत्तावीस वर्षं झाली. पहिल्यांदाच इथं लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचा सॉफ्टबॉल मुलामुलींचा दोन्ही होतो. मुलं येतात, खूप येतात. सकाळी सहाला मी जाऊन फक्की मारतो. होम प्लेट खाणीतल्या जुन्या कन्व्हेअर बेल्टची कापलेली आहे, बरोबर सतरा इंचांची, कडा मी स्वतः कानशीनं घासल्या. बेस म्हणजे वाळू भरलेली शिवलेली पोती. कॅचरचं, म्हणजे बॅट्समनमागं बसून चेंडू धरणाऱ्याचं, किट एकच. लेग गार्डचे पट्टे तुटले, ते सायकलच्या ट्यूबनं बांधतो. मुलांचा सामना संपला की तेच किट घामानं ओलं असतानाच मुलींच्या कॅचरला घालायला लागतं. पोरी बिचाऱ्या तक्रार करत नाहीत.

माझं दुःख किटचं नाही, किट मी भागवतो. माझं दुःख असं की चांगला पिचर तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. आठवीत धरला तर बारावीत कुठं तो ड्रॉप नेमका टाकायला लागतो. आणि त्याच वर्षी तो संपतो. वाढीव गुण मिळाले, सर्टिफिकेट मिळालं, झालं. जो कॉलेजात जातो तो विद्यापीठ स्पर्धा खेळतो. बाकीचे आयटीआय, शेती, दुकान. विसाव्या वर्षी पिचरचा खरा वेग यायला लागतो हो! आणि मी त्याच वयाच्या माझ्या पोरांना रस्त्यात भेटतो तेव्हा खांदा सुटलेला, पोट आलेलं. "सर, हात अजून फिरतो का बघू का?" म्हणतात. मी मैदानात बोलावतो. दोन-चार येतात पण.

रायझर

सर, नमस्कार. माझ्या सरांची आठवण झाली. ट्यूबनं बांधलेले लेग गार्ड आमच्याकडेही होते. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

ऑकलंडकर_विनू

मी गेली अकरा वर्षं ऑकलंडला आहे, मूळचा सांगलीचा. इथं एक वेगळी बाजू दिसते म्हणून लिहितो.

न्यूझीलंडच्या पुरुष संघाला ब्लॅक सॉक्स म्हणतात. सात वेळा विश्वविजेते. १९७६ ला तर अंतिम सामना पावसानं होऊ शकला नाही आणि न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका तिघांत विजेतेपद वाटून दिलं. नंतर १९८४, १९९६, २०००, २००४, २०१३, २०१७. ओळीनं तीन विश्वचषक! इथल्या रग्बी संघाला, ऑल ब्लॅक्सलाही, ते जमलेलं नाही. पण इथल्या ऑफिसात ऑल ब्लॅक्सचा राखीव खेळाडूसुद्धा सगळ्यांना ठाऊक. ब्लॅक सॉक्सच्या कर्णधाराचं नाव विचारलं की लोक एकमेकांकडं बघतात.

२०२२ चा विश्वचषक इथंच रोझडेल पार्कला झाला. मी मुलाला घेऊन गेलो. खेळाडू आमच्यापासून दहा पावलांवर सराव करत होते. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसला की असा आवाज यायचा की माझा मुलगा प्रत्येक वेळी दचकायचा. फटाक्यासारखा नाही, ओली चादर दगडावर आपटावी तसा. कुंपणाच्या पलीकडं घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन कुटुंबं बसलेली. बहुतेक सगळे कुणाचे ना कुणाचे काका, आजोबा, जुने खेळाडू. त्या वेळी ऑस्ट्रेलियानं अंतिम सामन्यात कॅनडाला हरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं तेव्हा टीममधल्या एकालाही विश्वचषक आपल्याच शहरात चालू होता हे माहीत नव्हतं.

तेव्हा रायझर, जिंकून ओळख मिळते असं जर कुणी सांगत असेल, तर सात विश्वचषकांनीही ती पुरेशी मिळालेली नाही, हे इथून सांगतो.

सडेतोड_सातारकर

सगळ्यांच्या भावना समजतात. तरी एक कडू मत मांडतो, कारण चर्चा एकाच सुरात चाललीय.

सरकारचा पैसा मर्यादित. २०१४ पासून केंद्राची ऑलिंपिक पदकांसाठीची योजना आहे, त्यात नेमबाज, मल्ल, भालाफेकपटू यांना परदेशी प्रशिक्षण मिळालं आणि पदकंही आली. ज्या खेळात पदकाची शक्यताच नाही, त्या खेळाला पैसा का द्यावा? चंद्रपूरच्या सरांच्या मुलांनी ॲथलेटिक्सकडं वळावं, असं मी त्यांचा पालक असतो तर म्हटलं असतं. यात खेळाचा अपमान नाही.

रायझर

सातारकर, मत कडू आहे पण रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पदकांच्या योजनेतला पैसा पुरुष सॉफ्टबॉलला द्या असं मी म्हणणार नाही. पण "पदक नाही म्हणून काहीच नाही" हे पटत नाही. कबड्डी ऑलिंपिकमध्ये कुठं आहे? २०१४ ला तिची लीग टीव्हीवर आली आणि कोल्हापूर-रायगडच्या पोरांची नावं घराघरांत गेली. खो-खो तर आशियाई स्पर्धांच्या पदकांतही नाही. पण लीग सुरू झाली, जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले. लोकांना आधी दिसलं, मग बाकीचं आलं. मी दिसण्याबद्दल बोलतोय.

आणि पदकाची शक्यता काढून घेतली तर काय होतं त्याचं उदाहरण अर्जेंटिनाचं आहे. तिथं पाराना नावाच्या शहरात सॉफ्टबॉल असा रुजलाय जसा आपल्याकडं एखाद्या गावात कुस्ती. २०१९ च्या जूनमध्ये प्रागला या संघानं जपानला हरवून विश्वचषक जिंकला, पहिल्यांदाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिमाच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण. नोकऱ्या-शिक्षण सांभाळून खेळणारी पोरं. एवढं झाल्यावर पुढची पॅन अमेरिकन स्पर्धा २०२३ ला चिलीत सँटियागोला झाली, आणि त्यात पुरुषांचा सॉफ्टबॉलच नव्हता. महिलांचा होता, बेसबॉल होता. विजेत्यांना पदक राखायची संधीसुद्धा मिळाली नाही. त्यांचा खेळ काही कमी पडला नव्हता. रकाना खोडला गेला होता.

तुमच्या "वळावं"बद्दल एकच. पिचरचा हात वळत नाही हो. सात वर्षं खालून गोल फिरलेला हात भालाफेकीला लावता येत नाही.

सडेतोड_सातारकर

अर्जेंटिनाचं माहीत नव्हतं. हे अन्यायाचंच झालं. 'दिसणं' हा मुद्दा मान्य. पैशाबद्दल माझं मत कायम आहे.

कॅचरची_आई

माझा मुलगा कॅचर आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. भारताच्या संघाच्या निवडीसाठी शिबिरापर्यंत गेला. बाहेर जाऊन खेळायचं तर खर्च खेळाडूनं स्वतः करायचा, असं आम्हाला सांगितलं. आम्ही दोघं मिळून महिन्याला जे कमावतो त्याच्या कितीतरी पट रक्कम होती. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे, मी कॉलेजकडूनच खेळतो." मी मंगळसूत्र ठेवायला निघाले होते. त्यानं जाऊ दिलं नाही.

मला कुणावर आरोप करायचा नाहीये. संघटना चालवणारेही खिशातून खर्च करतात, मी बघितलंय. एवढंच सांगायचंय की त्यानं त्या रात्री किट धुतलं, मास्कची जाळी पुसली, आणि सगळं माळ्यावर ठेवलं. दोन महिने खाली काढलं नाही. परवा स्वतःच काढलं. मी काही विचारलं नाही. फक्त चेस्ट गार्ड उन्हात टाकला.

थर्ड_बेस_ताई

ताई, वाचून डोळे भरले. त्याला सांगा, आमच्या मुलींच्या सरावाला कॅचिंग शिकवायला आला तर आम्हाला फार उपयोग होईल. खरंच सांगतेय, आमच्याकडं कॅचर तयार करणारं कुणी नाही.

नोंदवही

मी पंधरा वर्षं स्कोअरर म्हणून काम केलंय, जिल्हा आणि राज्य स्पर्धांना. या धाग्याचं शीर्षक वाचून थबकलो, कारण माझ्याकडं खरोखरच वह्या आहेत. माळ्यावर एक ट्रंक.

सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूला जागेप्रमाणे आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला टाकून दोघांना बाद केलं तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइक-आउटला के. बॅट न फिरवता नुसताच बघत राहून बाद झाला तर के उलटा. दहा वर्षांपूर्वीचा सामना आज वही उघडून चेंडू-चेंडू सांगता येतो.

या धाग्यामुळं काल रात्री ट्रंक उघडली. एका राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात एका मुलानं सात इनिंगमध्ये चौदा स्ट्राइक-आउट घेतलेत, त्यातले पाच उलटे के. एकही हिट नाही, म्हणजे चेंडू मारून कुणी बेस गाठला नाही. नो-हिटर! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आडव्या ओळीत फक्त निकाल आला होता, त्या मुलाचं नाव नव्हतं. ते कात्रण मी तिथंच चिकटवलंय. आज तो मुलगा कुठं असेल माहीत नाही. त्यानं हे केलं होतं याचा पुरावा या जगात बहुधा फक्त माझ्या ट्रंकेत आहे, आणि कडा वाळवीनं खाल्ल्यात.

माझं म्हणणं, आधी हे वाचवूया. मी सगळ्या पानांचे फोटो काढायला तयार आहे. कुणी ते नीट तक्त्यात भरून देईल का?

पाचवा_स्लिप

मी भरून देतो. रोजचं कामच तक्त्यांचं आहे. के उलटा कसा टाइप करायचा ते तेवढं ठरवा.

सर्टिफिकेटवाला

सगळं वाचलं. मी स्पर्धा परीक्षा देतोय. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याच आशेवर आमच्यासारखे पुष्कळ जण आहेत. प्रमाणपत्राची पडताळणी करायला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सॉफ्टबॉल, म्हणजे सॉफ्ट टेनिस का?" मग स्पर्धेचा मूळ निकाल, संघांची संख्या, प्रवेशिका असं सगळं मागितलं. जुन्या स्पर्धेचे कागद कुणाकडंच नव्हते. चार खेपा घातल्या.

नोंदवही काका, तुमच्या ट्रंकेत माझ्या वर्षाची वही असेल का? व्यक्तिगत निरोपात स्पर्धेचं साल आणि गाव पाठवलंय.

नोंदवही

आहे. तुमचं नाव नवव्या क्रमांकावर, राइट फील्ड. दोन हिट, एक रन. पहिला हिट बंट होता, म्हणजे बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू. उद्या फोटो पाठवतो.

सर्टिफिकेटवाला

काका, तो बंट मला अजून आठवतो. धन्यवाद हा शब्द पुरत नाही.

ऑकलंडकर_विनू

हे वाचून अंगावर काटा आला. इथल्या क्लबच्या भिंतीवर १९५० च्या आसपासच्या संघांचेसुद्धा फोटो नावांसकट लावलेत. ओळख कमी असली तरी नोंद कुणी हरवू दिली नाही.

फक्की_आणि_फिता

नोंदवही सर, माझ्याकडंही २००१ पासूनच्या जिल्हा स्पर्धांच्या प्रवेशिका आहेत, गठ्ठे बांधून. शिपाईमामा दोनदा रद्दीत द्यायला निघाले होते. आता कपाटाला कुलूप लावतो. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला येतो, तिथं भेटता येईल का?

रायझर

मी धागा काढला तेव्हा मनात होतं की निवेदन लिहू, सह्या गोळा करू. ते करूच. पण सुरुवात कुठून करायची ते नोंदवही काकांनी दाखवलं.

ठरलेलं थोडक्यात लिहितो, म्हणजे मागाहून येणाऱ्यांना कळेल. वह्यांचे फोटो नोंदवही काका आणि चंद्रपूरचे सर काढतील, तक्ता पाचवा_स्लिप भरतील. ज्यांना जुन्या स्पर्धेचे कागद हवेत त्यांनी साल, गाव आणि वयोगट व्यक्तिगत निरोपात कळवावा. दुसरं, पुण्यात आम्ही एकोणीस वर्षांवरच्या मुलांसाठी रविवारी सकाळी सामना सुरू करतोय. मैदान एका शाळेनं दिलंय, साडेनऊपर्यंत. पहिल्या रविवारी अकराच जण आले, मग एकाच संघातले आलटून पालटून फील्डिंगला उभे राहिले. दुसऱ्या रविवारी सोळा. त्यातले दोघे पस्तिशीचे, तालुक्याच्या संघातून कधीकाळी खेळलेले, एक जण हडपसरहून मुलीला डबलसीट घेऊन आला होता. तिनं बॅकस्टॉपच्या जाळीमागं बसून सगळे फाऊल चेंडू आणून दिले. भाच्यानं पिचिंग केलं. चौथ्या इनिंगला कुंपणाबाहेर क्लासला निघालेली तीन पोरं सायकली लावून उभी राहिली. त्यातल्या एकानं ओरडून विचारलं, "दादा, हा कुठला खेळ?"

मी बघत होतो तो काय सांगतोय. त्यानं ग्लोव्हमधून चेंडू काढला, त्यांच्याकडं हळूच खालून सोडला आणि म्हणाला, "सॉफ्टबॉल. धरून बघ, किती कडक आहे."

येत्या रविवारी सकाळी साडेसहा. कॅचरची आई, तुमच्या मुलाला जमलं तर नक्की पाठवा, आमचा कॅचर गुडघ्यानं हैराण आहे. आणि स्कोअर लिहायला अजून कुणीतरी हवं. काका म्हणालेत, शिकवीन.